पान क्रमांकासकट

‘एकच पुस्तक ठेवायचं तर कोणतं?’ संकटात तगून राहणं आणि स्वावलंबन यांचं वेड असलेल्या वाचकांत हा प्रश्न पडला, की बघता बघता वीस-पंचवीस नावं जमतात. एक आग-दोर-चाकूचं, एक औषधांचं, एक बियाण्यांचं, एक जहाज बुडाल्याचं, आणि एखादं असं, की ज्याच्या मुखपृष्ठावर दाढीवाला गृहस्थ डोंगराकडे पाठ करून उभा असतो. विचारणारा नावं उतरवून घेतो, त्यातली सात-आठ मागवतो आणि ती कपाटात ओळीने उभी राहतात. पुस्तकं बहुतेक चांगलीच असतात. शिफारस मात्र अर्धी असते. आवृत्ती कोणती, कुठल्या हवामानासाठी लिहिलेली, आणि त्यातलं कोणतं पान येत्या रविवारी करून बघायचं, हे कुणी सांगत नाही.

आवृत्तीचं वर्ष सगळ्यात आधी बघावं. आग पेटवण्याचं प्रकरण शंभर वर्षांनीही चालतं, प्रथमोपचाराचं नासतं. जुन्या पुस्तकांत सर्पदंशावर चीर देऊन विष चोखायला सांगितलेलं सापडेल. चिरल्याने रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढतो, विष काही निघत नाही. अंगठ्या-कडी काढून, दंश झालेला अवयव न हलवता माणसाला रुग्णालयात पोचवायचं, एवढंच करायचं असतं. हिमदंशावर बर्फ चोळा, हा तसलाच सल्ला. त्याने गोठलेली त्वचा आणखी फाटते. भाजल्यावर लोणी लावा, हा त्याचा भाऊ. तिथे वीस मिनिटं वाहतं गार पाणी लागतं, आणि बर्फ नाही. पुस्तकाचं वय ओळखायची एक सोपी खूणही आहे: हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर १५ दाब आणि २ श्वास असं प्रमाण दिसलं, तर ते प्रकरण २००५ च्या आधीचं. त्यानंतर ते ३० दाब आणि २ श्वास झालं.

सगळ्या जुन्या चुका जिवावर बेतत नाहीत. पाणी दहा किंवा वीस मिनिटं उकळा, असं अनेक पुस्तकं सांगतात. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. बाकीची मिनिटं फक्त सरपण खातात. पाण्यात घालायच्या ब्लीचच्या (क्लोरीनच्या द्रावणाच्या) बाबतीत मात्र काटेकोर राहावं. ५ ते ९ टक्के तीव्रतेचं, बिनवासाचं साधं ब्लीच असेल तर स्वच्छ दिसणाऱ्या लिटरभर पाण्याला २ थेंब आणि अर्धा तास थांबणं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून दुप्पट थेंब. ज्या पुस्तकात थेंब दिलेत पण टक्के नाहीत, ते पान फाडलं तरी चालेल. शिवाय ब्लीच बाटलीतच महिन्यागणिक मंदावत जातं, हेही त्या पानावर असायला हवं.

बरण्यांत भाज्या टिकवण्याची जुनी पुस्तकं सगळ्यात फसवी, कारण ती वाचायला सगळ्यात गोड. शेंगा, मका, बीट अशा कमी आंबट भाज्यांच्या बरण्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास ठेवा, असं त्यांत बिनदिक्कत लिहिलेलं असतं. पण बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचे बीजाणू १०० अंशांना दाद देत नाहीत. त्यांना ११६ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं आणि ते दाबाखालीच मिळतं. बिघडलेल्या बरणीला वास येईलच, झाकण फुगेलच असंही नाही. सीमारेषा ४.६ सामूची (पीएच). त्याच्या खाली असलेले आंबट पदार्थ उकळत्या पाण्यात चालतात; टोमॅटो नेमका त्या रेषेवर रेंगाळतो, म्हणून लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबाचा रस घालतात. बाटलीबंद का, तर ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, बाटलीतला एकसारखा असतो. टोमॅटोच्या पानावर आम्लाचा उल्लेखच नसेल, तर त्या पुस्तकातलं हे प्रकरण केवळ करमणुकीसाठी वाचावं.

हवामान आणि अक्षांश यांची गोष्ट थोडक्यात. घड्याळाच्या काट्यांवरून दिशा काढायची रीत उत्तर गोलार्धासाठी लिहिलेली असते, दक्षिणेत ती उलटी करावी लागते आणि विषुववृत्ताजवळ ती भरवशाची नाहीच. खाण्याजोग्या वनस्पतींची पुस्तकं तर आपापल्या प्रदेशाबाहेर धोकादायक. ‘ओठाला लावून बघा, मग जिभेवर, मग चिमूटभर गिळून काही तास थांबा’ ही चाचणी बऱ्याच पुस्तकांत मिळते. अळंब्यांना ती लागूच नाही; काही जीवघेण्या अळंब्यांची पहिली लक्षणं सहा तासांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. निरोगी माणूस अन्नावाचून कित्येक दिवस काढतो, मग मूठभर पाल्यासाठी हा जुगार कशाला? जमिनीत खड्डा खणून वर प्लास्टिक ताणायचं आणि पाणी मिळवायचं, हे चित्रही जवळपास प्रत्येक पुस्तकात असतं. कोरड्या मातीत खड्डा खणताना जेवढा घाम जातो तेवढं पाणी त्यातून क्वचितच परत मिळतं.

मग चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? काय बिघडतं आणि का, हे जिथे लिहिलेलं असतं ते चांगलं. धनुकलीने, म्हणजे तिच्या दोरीत अडकवलेली काठी फळीच्या खळग्यात फिरवून, आग पेटवायचं प्रकरण उघडावं. ‘कोरडं लाकूड घेऊन जोरात फिरवा’ एवढंच असेल तर लेखकाने ते दुसऱ्या पुस्तकातून उचललंय. ज्याने खरंच हात भरून घेतलेत तो सांगतो, की घासून पडणारी पूड फिकी तपकिरी राहिली तर दाब किंवा वेग कमी पडतोय. ती काळपट आणि धुरकट हवी. काठी चूं-चूं करायला लागली आणि टोक चकचकीत झालं, तर खळग्यात चिमूटभर वाळू टाका. फळीवरची खाच खळग्याच्या मध्यापर्यंत आली नसेल तर पूड एका जागी साठत नाही, आणि धूर भरपूर निघूनही निखारा धरत नाही.

औषधोपचाराच्या पुस्तकात जलसंजीवनीचं पान काढावं. लिटरभर स्वच्छ पाणी, साखरेचे ६ सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. ‘सपाट’ हा शब्द गाळणारं पुस्तक धोक्याचं, कारण शीग भरलेल्या चमच्याने मीठ सहज दुप्पट होतं आणि जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरतं. डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’मध्ये यावर फार सुंदर उपाय आहे: साखर घालण्याआधी चाखून बघा, चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मोजमाप हरवलं तरी ही कसोटी हरवत नाही. मेक्सिकोतल्या डोंगराळ खेड्यांसाठी आधी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं हे पुस्तक सुचवताना मात्र ‘सुधारित, नवी छपाई’ हे शब्द जोडलेच पाहिजेत. औषधांच्या मात्रांची पानं जुन्या प्रतीतून वापरू नयेत.

दुसरं नाव क्रेसन कर्नी यांच्या ‘न्यूक्लिअर वॉर सर्व्हायव्हल स्किल्स’चं. १९७९ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतून आलेलं. विषय भयाण, पण सूचना कशा लिहाव्यात याचा हा वस्तुपाठ आहे. आसऱ्याच्या सूचना कसलंही प्रशिक्षण नसलेल्या कुटुंबांच्या हातात देऊन, ती माणसं कुठे अडतात ते बघून त्या सुधारल्या गेल्या. त्यात डबा, अॅल्युमिनियमचा वर्ख आणि दोरा वापरून किरणोत्सर्ग मोजायचं साधन करायची कृती आहे, सोबत कापून चिकटवायचे कागदी नमुने. झेरॉक्सवर हे नमुने किंचित मोठे येतात, असा इशाराही तिथे आहे. आज पीडीएफ छापणाऱ्यांची गत तीच, कारण ‘पानात बसवा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि नमुना गुपचूप आक्रसतो. १०० टक्क्यांवर छापावं आणि पट्टी लावून बघावं. हे शिफारशीतच सांगितलं तर पुढच्याची मेहनत वाचेल.

अनुभवकथांना काही जण नाकं मुरडतात. त्यात कृती नसते म्हणे. स्टीव्हन कॅलहान १९८२ मध्ये अटलांटिकमध्ये रबरी तराफ्यावर ७६ दिवस होते, त्यांचं ‘अॅड्रिफ्ट’ वाचून बघावं. खाऱ्याचं गोडं पाणी करणारी सौरयंत्रं त्यांच्याजवळ होती, पण ती चालती ठेवणं हीच रोजची झटापट होती. तराफा फाटल्यावर तो पुन्हा हवा धरेपर्यंत एकामागून एक ठिगळं निसटली. दुरुस्तीचं साहित्य जवळ असणं आणि ओल्या, हलत्या रबरावर ती दुरुस्ती टिकणं यातलं अंतर कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

गाठींच्या पुस्तकाबरोबर दोन मीटर दोरही सुचवावा. चित्रात बोलाइनची गाठ दहा सेकंदांत कळते, अंधारात थंड बोटांनी ती जमत नाही. बियाण्यांच्या पुस्तकासोबत बी धरायला पहिलं पीक कोणतं तेही सांगावं. टोमॅटो किंवा वाटाणा, कारण त्यांचं परागीभवन बहुतेक स्वतःचं स्वतःच होतं. भोपळा पहिल्याच वर्षी धरला तर मधमाश्या शेजारच्या वेलाशी संकर घडवतात, आणि ते कळतं पुढच्या हंगामात. वाण सरळ हवं, संकरित नको, हे त्याच वाक्यात.

आणि प्रत उसनी देणार असाल तर समासातल्या खुणा खोडू नका. ‘पान ८४, दोर जाड हवा’, ‘पान १३०, हे जुनं, करू नये’ असं पेन्सिलीने लिहिलेलं असू द्या. शाई ओलीत पसरते.