शाफ्ट ११०चा नव्हताच

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात विल्होळीच्या पुढच्या एका खडी क्रशरचं साइड बेअरिंग (शाफ्ट ज्यात फिरतो तो आधार) अंबडला आमच्या शॉपवर आलं. दीड महिन्यात तिसऱ्यांदा गेलेलं. आधीची दोन्ही ओतकामं दुसरीकडची. गोणपाटात गुंडाळलेले दोन अर्धे बाकावर ठेवत मालक म्हणाले, "मिस्तरी, मेटलच हलकं घातलंय. या वेळी पैशाकडं बघू नका, भारीतलं टाका."

व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा किंवा शिशाचा मऊ मिश्रधातू, ओतलेलं बेअरिंग गेलं की पहिला आळ मेटलवरच येतो. तसं ते असतंही कधी कधी. शिशाचं स्वस्त मेटल धक्क्याच्या कामाला टिकत नाही. पण खरवडून कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी रेघ उमटत नव्हती, तुकडा हातात हलका लागत होता. कथलाचंच मेटल होतं, आणि बरं होतं.

मग शेल, म्हणजे मेटल ज्याच्या आत ओततात ते बाहेरचं कवच, दोरीला टांगून हातोडीनं हलकं टोकलं. मेटल शेलला नीट धरलेलं असेल तर घंटेसारखा टण्ण आवाज येतो. इथं फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. कडेला स्क्रू-ड्रायव्हर घातला, तर हाताएवढा पापुद्रा एका तुकड्यात सुटला. आत शेल काळंकुट्ट, मेटल धरून ठेवणाऱ्या कल्हईचा पांढरा डाग कुठं कुठंच. एक कारण सापडलं.

शेल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं आहे. बीड तेल पितं, आणि त्यातलं ग्रॅफाइट कल्हई धरू देत नाही. नुसतं ॲसिडनं पुसून भागत नाही. जुनं मेटल वितळवून काढलं, बर्नरवर शेल तापवून धूर थांबेपर्यंत तेल जाळलं, मग लेथवर शीतक न वापरता एक हलका कट घेतला. त्या कटनंतर आतल्या भागाला हात लावायचा नाही, हाताचं तेलही पुरतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत जस्ताचे तुकडे टाकून केलेलं पाणी, त्यात चिमूटभर नवसागर, हा आमचा फ्लक्स. सुमारे ३०० अंशांच्या कथलात शेल बुडवायचं, काढून तारेच्या ब्रशनं घासायचं, पुन्हा बुडवायचं. बिडाला हे तीन-चार वेळा लागतं. भांड्याला करतात तीच कल्हई, फक्त इथं एक टिकलीएवढी जागा काळी राहिली तरी पुढं पापुद्रा तिथूनच सुटतो.

पण नुसती कल्हई खराब म्हणून दोन आठवड्यांत बेअरिंग जातं का? पटेना. सुटलेल्या मेटलवर फरशीला तडे जावेत तशी चिरांची जाळी होती. म्हणजे ते ठोकलं जात होतं. मालकांना म्हटलं, "शेठ, शाफ्ट आणा."

"शाफ्ट ११० मिलिमीटरचा आहे, ड्रॉइंग दाखवतो ना!"

ड्रॉइंग नको, शाफ्ट हवा होता. संध्याकाळी टेम्पोत घालून आणला. मायक्रोमीटर तीन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनात दोनदा लावला. खांद्याजवळ १०९.७८, बाहेरच्या टोकाला एका दिशेनं १०९.६२ आणि दुसऱ्या दिशेनं १०९.५७. म्हणजे निमुळताही आणि लंबगोलही. जुन्या मेटलच्या शाबूत भागात बोअर, म्हणजे आतला व्यास, निघाला ११०.१४. आधीच्या कारागिरानं ११० धरून त्यावर क्लिअरन्स, म्हणजे तेलासाठीची फट, दिला होता. हिशेब चोख, फक्त शाफ्ट त्या मापाचा उरला नव्हता. साधारण नियम असा की व्यासाच्या हजाराव्या भागाइतका क्लिअरन्स, म्हणजे इथं ०.११, क्रशरला धूळ आणि धक्का असतो म्हणून आम्ही ०.१२ ते ०.१५ ठेवतो. त्या बेअरिंगला ०.३६ ते ०.५७ मिळत होता. तेलाचा थर टिकतच नसणार, प्रत्येक दगडाला शाफ्ट आपटत होता. भारीतलं मेटलही तिथं महिनाभर टिकलं नसतं.

शाफ्ट ग्राइंडिंगला दिला, १०९.५०ला गोल करून आला. बोअर तोवर करायचा नाही. आलेल्या शाफ्टचं माप घेऊन मग बोअर, हा क्रम मोडायचा नाही.

ओतकामाच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. पावसाळ्यात आमची खरी भीती दमटपणाची. साच्याच्या बुडाशी किंवा सांधे बुजवायच्या मातीत थेंबभर पाणी असलं तर मेटल तोंडावर उडतं. माती भाजून घेतली, शाफ्टच्या जागी मधे उभा करायचा दांडा, मॅन्ड्रेल, काजळी धरून तापवला. दोन्ही अर्ध्यांना मिळून साडेचार किलो मेटल, ८९ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. ओतायचं तापमान ४२५ अंशांच्या आसपास. पायरोमीटर आहे, तरी लाकडाची काडी बुडवून बघायची सवय सुटत नाही: काडी तपकिरी होऊन करपली पाहिजे, पेटता कामा नये. तळापासून ढवळायचं, वरची साय बाजूला सारायची आणि शेलवरची कल्हई ओली चकाकत असतानाच एका धारेत ओतायचं. धार तुटली की तिथं सांधा राहतो. मग बाहेरून, खालून वर असं ओल्या फडक्यानं थंड करत न्यायचं. वरचा भाग शेवटी गोठला पाहिजे, आकसताना पडलेला खड्डा तिथं ओतून भरता येतो.

थंड झाल्यावर टोकलं. टण्ण! तरी कडेला रॉकेल लावून अर्धा तास ठेवलं, पुसून खडूची भुकटी फासली. मेटल सुटलेलं असेल तिथं भुकटीवर ओली रेघ येते. आली नाही.

दोन अर्ध्यांमध्ये ०.५ची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून बोअर १०९.६० पर्यंत नेला. शेवटचे ०.०३ स्क्रेपरचे. शाफ्टला निळा रंग पुसट फासायचा, बेअरिंग त्यावर हलवायचं, जिथं निळे ठिपके उठले तिथंच खरवडायचं. हे काम दुपारी दोनला सुरू झालं ते सहापर्यंत चाललं. भार येणाऱ्या बाजूला ठिपके दाट, कडांना विरळ. तेलाची चर भाराच्या जागेतून नेली नाही आणि टोकापर्यंतही नेली नाही, नाहीतर तेल बाहेर पळतं.

खरा निकाल शिशाच्या तारेनं कळतो. शाफ्टवर आडव्या तीन तारा ठेवल्या, बेअरिंगवरची टोपी बोल्ट पुरते कसून बसवली, पुन्हा उघडली. चपट्या झालेल्या तारा मायक्रोमीटरमध्ये धरल्या: ०.१३, ०.१३, ०.१४.

क्रशरवर पहिले दोन तास दगड न घालता चालवलं. तिसऱ्या तासाला टोपीवर हात ठेवून मालक म्हणाले, "मिस्तरी, हात ठेवता येतोय हो." थर्मामीटर ५२ दाखवत होता. त्यांना एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी आधी शाफ्ट मोजा.