सोलापूरची शेंगा चटणी ऑनलाईन विकताना : ट्रॅफिक कुठून आलं, पैसे कुठून आले

एका महिन्यात आमच्या चटणीच्या साईटवर नऊ हजार लोक येऊन गेले (ह्यालाच ट्रॅफिक म्हणतात) आणि ऑर्डरी आल्या चार. तो महिना मला अजून आठवतो, कारण मोबाईलवर आकडा बघून मी आनंदाने आत्यांना (माझ्या सासूबाई) दाखवायला गेले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "मग चटणी किती कुटायची उद्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सुरुवात २०२२ च्या उन्हाळ्यात झाली. ह्यांच्या कारखान्यात कामाचे दिवस कमी झालेले, आणि आत्यांच्या हातची शेंगा चटणी आमच्या गल्लीत आधीपासूनच प्रसिद्ध. आम्ही उखळातच कुटतो, शेंगा मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, लसूण तिखट जिरं मीठ घालून तेल सुटेपर्यंत. मिक्सरला नुसतं पीठ होतं, कुटल्यावर जो ओलसर गोळा होतो तो मिक्सरला येतच नाही. भाच्याने वर्डप्रेसवर (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यात दुकान जोडणारा भाग) टाकून साईट उभी करून दिली, डोमेन (साईटचं नाव) आणि होस्टिंगचेच (साईट ठेवायची जागा) काय ते पैसे गेले. एफएसएसएआयचं (खाण्याचे पदार्थ विकायला लागणारं सरकारी) बेसिक रजिस्ट्रेशन ऑनलाईन केलं, वर्षाची उलाढाल १२ लाखाच्या आत असेल तर तेच चालायचं आणि फी वर्षाला १०० रुपये होती. लेबलवर तो १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, घटक, वजन, पॅकिंगची तारीख हे सगळं टाकलं. ह्यात काही अवघड नाही, घाबरू नका.

अवघड पुढे होतं. एका माणसाने फोन करून सांगितलं की तीन महिन्यात गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी. मी साडेसहा हजार भरले. ते नऊ हजार लोक त्याचेच. भाच्याने गूगल अ‍ॅनालिटिक्स (साईटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं साधन) उघडून दाखवलं तर बहुतेक लोक परदेशातले, जिथे आम्ही पार्सल पाठवतच नाही, आणि दोन तीन सेकंदात परत गेलेले, म्हणजे ती माणसं नव्हतीच, कॉम्प्युटरने घडवलेल्या खोट्या भेटी होत्या. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय, ते मी नंतर वाचलं. तुम्हाला असा फोन आला तर ठेवून द्या.

मग रील. आत्या उखळात कुटतायत, बांगड्यांचा आवाज, मुसळाला चिकटलेली चटणी त्या बोटाने खाली ओढतायत, एवढंच, त्याला दोन लाख व्ह्यूज आले. ऑर्डरी अकरा. कमेंटमध्ये सगळे "तोंडाला पाणी सुटलं" म्हणत होते पण बघणाऱ्याला लगेच चटणी हवीच असते असं नाही ना. फेसबुकच्या जाहिरातीतही मी पहिल्यांदा "ट्रॅफिक" हा पर्याय निवडला, रोजचे २०० रुपये, तर त्याने सांगितलं तेच केलं, लिंकवर बोट दाबणारे लोक आणून दिले. विकत घेणारे हवे असतील तर तिथे "सेल्स" निवडावं लागतं, हे कळेपर्यंत अडीच हजार गेले.

खरा बदल झाला सर्च कन्सोलमुळे. हे गूगलचं फुकट आहे, आपली साईट लोकांना कोणते शब्द टाकल्यावर दिसली ते त्यात कळतं. मी रोज रात्री भांडी झाल्यावर ते घेऊन बसायचे. लोक काय शोधत होते बघा, "शेंगा चटणी किती दिवस टिकते", "शेंगा चटणी खवट का होते", "सोलापुरी शेंगा चटणी पुण्यात कुठे मिळेल", आणि निम्मे लोक हे सगळं इंग्रजी अक्षरात टाईप करत होते. माझ्या साईटवर ह्यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं, नुसतं "अस्सल चव, घरगुती चटणी" असं लिहिलेलं. मग एकेका प्रश्नावर एक पान लिहायला घेतलं. खवट का होते, तर शेंगदाण्याच्या तेलाला हवा, ऊन आणि ओल लागली की वास बदलतो, म्हणून कोरडा चमचा, घट्ट झाकण, उन्हाळ्यात फ्रीज. आणि कुटायची पूर्ण पद्धतही लिहून टाकली, मापासकट, फोटोसकट.

त्यावर आत्या चिडल्या. "अगं काय करायलीस तू, सगळंच सांगून टाकलीस तर विकत कोण घेणार?" मलाही मनातून धाकधूक होतीच. पण झालं उलट, सगळ्यात जास्त ऑर्डरी त्याच पानावरून यायला लागल्या. फ्लॅटमध्ये उखळ कुठे असतं, आणि असलं तरी खालच्या मजल्यावरचे कुटू देतील का! वाचणाऱ्याला ही बाई खरंच कुटते हे पटायचं आणि तो तीन पाकिटं मागवायचा. लोक महिन्याला नऊ हजाराचे सातशे आठशे झाले आणि ऑर्डरी चाराच्या चाळीस. पत्ते बघितले तर वाकड, हिंजवडी, कोथरूड, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसने ये जा करणारी आपलीच माणसं. मग त्यांच्यासाठी गड्ड्याच्या यात्रेच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा) आधी आणि दिवाळीआधी वेगळं पान करायला लागले.

आता पैशाचं, कारण ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं नसतं. पाव किलोचं पाकीट १६० ला, डिलिव्हरी फ्री. सामान आणि पाऊच धरून ७० रुपये, खोका टेप १४, कुरिअर ६५, पेमेंट गेटवेचे (साईटवर ऑनलाईन पैसे घेऊन देणारी कंपनी) दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे चार रुपये. हातात राहिले ७, त्यात आत्यांची मजुरी धरलेलीच नाही. हा हिशोब वहीत मांडला त्या दिवशी मी एक पाकीट विकणं बंद केलं. तीन पाकिटं एकत्र ४८० ला, एका किलोच्या आत बसतात, कुरिअर ८५, तिथे कुठे दीडशे सुटतात. कॅश ऑन डिलिव्हरीत पार्सल परत आलं की जायचं यायचं दोन्ही भाडं आपल्या बोकांडी, म्हणून आता पाठवायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते आणि आधी पैसे भरले तर ३० रुपये कमी करते. परत येणारी पार्सलं पुष्कळ कमी झाली.

चटणीबरोबर कडक भाकरीही विकायला घेतली, तिने तर रडवलं मला. वजनाला हलकी, पण कुरिअरवाले लांबी रुंदी उंची गुणून ५००० ने भागतात आणि जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. माझा खोका ३० बाय ३० बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे २.७ किलो, आत भाकरी ९०० ग्रॅम! शिवाय निम्म्या मोडून पोचायच्या. मग आत्यांनी १४ सेंटीमीटरची छोटी भाकरी थापायला घेतली, एकावर एक चळत लावून १६ बाय १६ बाय २० च्या खोक्यात, वजन धरलं जातं एक किलोच्या जरासं वर, आणि मोडतही नाहीत.

पाऊचचंही सांगते, सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. पहिल्या मे महिन्यात तेल गळून पाच खोके खराब झाले. पाऊच सील करायचं मशीन बदलायला निघाले होते, पण चूक भरण्यात होती, सीलच्या जागी तेलाचं बोट लागलं की प्लॅस्टिक चिकटतच नाही. आता जाड कागदाचं नरसाळं लावून भरते, वरची दोन इंच जागा कोरडी ठेवते, आणि चटणी रात्रभर गार झाल्याशिवाय पाकिटात जात नाही.

बेंगळुरू हैदराबादहून मागणी यायला लागल्यावर जीएसटी नंबर काढला, दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कमी असली तरी तो लागतोच. मागच्या महिन्यात १८६ ऑर्डरी, त्यातल्या ७१ जुन्या गिऱ्हाईकांच्या, जीएसटी जाहिरात सगळं जाऊन २१ हजाराच्या आसपास राहिले. शेजारच्या दोघीजणी आता भाजायला आणि पाखडायला येतात. आत्या कुटण्याचं मात्र कोणाच्या हातात देत नाहीत, रोज संध्याकाळी मलाच विचारतात, "उद्या किती?" काल सांगितलं, नऊ किलो.