मिराज, काका आणि इस्रायल

ग्वाल्हेरच्या महाराजपुरा विमानतळाकडून मिराज हे लढाऊ विमान उडालं की लष्करातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्या थरथरतात, आणि काका बेडईचा तुकडा हातातच धरून म्हणतात, "बघ, असं असतं एअरफोर्स, नाहीतर इस्रायलचं." इस्रायल कुठून आलं हे विचारायचं नाही, त्यांच्याकडे ते कुठूनही येतं. (बाहेरच्यांसाठी, लष्कर म्हणजे इथे मोहल्ला. दौलतराव शिंद्यांची छावणी होती, नाव तेच राहिलं.)

पण यावेळी काका अगदीच चुकीचे नव्हते. कारगिलमध्ये टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकणारी मिराज ग्वाल्हेरचीच, आणि नेम धरणारा लाइटनिंग पॉड इस्रायली. बालाकोटला २०१९ मध्ये पण विमानं इथलीच, स्पाइस बॉम्ब त्यांचे.

काकांचा आवडता विषय म्हणजे १९६७. ५ जूनच्या सकाळी इस्रायली विमानं समुद्रावरून एकदम खालून गेली आणि इजिप्तची विमानं धावपट्टीवरच जाळली, सहा दिवसांत सिनाई, गाझा, वेस्ट बँक, गोलान सगळं ताब्यात. हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की पाठ आहे. पण त्या विमानांत पण मिराजच होती, फ्रेंच, आपल्या मिराजची थोरली बहीण म्हणा, हे काका कधी सांगत नाहीत. आणि त्याच युद्धाच्या तोंडावर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी हात वर केले, पैसे भरलेली ५० मिराज पण दिली नाहीत. तेव्हा कुठे इस्रायलने स्वतःचं क्फिर हे लढाऊ विमान बनवायला घेतलं, त्यात इंजिन मात्र अमेरिकन, म्हणजे दार बदललं, पण दुसऱ्याच्या दारात उभं राहणं काही सुटलं नाही. आज युनोच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा व्हेटो नसता तर काय झालं असतं बघा.

मला खरं म्हणजे १९७३ जास्त इंटरेस्टिंग वाटतं. योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी इजिप्त सुएझ ओलांडून आला आणि जगात भारी म्हणून मिरवणारी इस्रायलची गुप्तचर यंत्रणा गाफील, कारण सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की अरब आत्ता लढणार नाहीत. अडीच हजारांवर सैनिक गेले. मग चौकशी आयोग बसला, लष्करप्रमुखाला जावं लागलं, पंतप्रधान गोल्डा मेयरने पण १९७४ मध्ये राजीनामा दिला. जिंकलेल्या युद्धानंतर हां! आपल्याकडे असं होईल?

आणि त्या युद्धानंतर सहा वर्षांनी इजिप्तशी तह केला, सिनाई परत दिलं. तो तह अजून टिकलाय. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं लष्करी यश हेच, गोळी न झाडता दक्षिणेची अख्खी सीमा शांत. वेस्ट बँक मात्र सोडली नाही, तिथे वस्त्या वाढत गेल्या आणि त्याची किंमत दोन्हीकडची माणसं मोजतायत.

काकांना म्हटलं, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात परत तेच झालं ना, पन्नास वर्षांनी, तोच गाफीलपणा? बाराशेच्या आसपास माणसं एका दिवसात मारली गेली, आणि नंतर गाझात जे मेले ते हजारोंनी, त्यात किती पोरं. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तू १९७६ चं एंटेबी वाचलंयस का?"

वाचलंय काका, युगांडाच्या विमानतळावरून इस्रायली कमांडोंनी ओलीस सोडवले ते. तिथे पण कमांडर परत आला नव्हता.