टर्मिनलवर १७, बिल्डमध्ये ११

सकाळी साडेदहाला, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याची प्रक्रिया) मधूनच फसतो, ही तक्रार माझ्याकडे आली तोवर तिच्यावर तीन उपाय करून झाले होते. एक सर्व्हिस जावा ११ वरून १७ वर नेली होती आणि पॉम फाइलमध्ये (जावाचा कोड बांधणाऱ्या मेव्हन या टूलची प्रोजेक्ट फाइल) कंपायलरचं रिलीज, म्हणजे कोणत्या जावासाठी कोड बनवायचा ती आवृत्ती, १७ केलं होतं. बिल्ड आपोआप चालवणाऱ्या जेन्किन्सचे चार लिनक्स एजंट, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे सर्व्हर, चौघांना एकच लेबल, त्यामुळे जॉब मोकळा दिसेल त्या एजंटवर जाऊन बसायचा. शुक्रवार संध्याकाळपासून बिल्ड कधी हिरवा (जमलेला), कधी लाल (फसलेला). लाल झाला की कोणीतरी पुन्हा बिल्ड दाबायचं आणि बहुतेकदा तो हिरवा व्हायचा. त्यामुळे "नेटवर्कचं काहीतरी असेल" असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं.

लॉगमधली चूक नेटवर्कची नव्हती. "फेटल एरर कंपायलिंग: एरर: रिलीज व्हर्जन १७ नॉट सपोर्टेड" असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. ही तक्रार खुद्द कंपायलरची असते: मला १७ साठी कोड बनवायला सांगताय, पण मी १७ पेक्षा जुना आहे. हिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक चूक आहे, "अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर", आणि लोक या दोघींत नेहमी गल्लत करतात. दुसरीत कोड आधीच नव्या जावाने बनलेला असतो आणि चालवणारा जावा जुना असतो. तिथं क्लास फाइलचा आकडा दिलेला असतो, त्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. आमच्याकडे पहिली चूक होती, म्हणजे शोध कंपायलरचाच घ्यायचा होता.

मागचे पंधरा-सोळा बिल्ड उघडले आणि प्रत्येकाच्या लॉगमध्ये सुरुवातीला कोणत्या एजंटचं नाव आहे तेवढंच पाहिलं. सगळे लाल बिल्ड तिसऱ्या एजंटवरचे निघाले. बाकी तिघांवर एकही लाल नाही. लहरी वाटणाऱ्या बिल्डबाबत हे सगळ्यात आधी करावं. पाच मिनिटं लागतात आणि अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

ज्याने हा बदल केला होता तो म्हणाला, "मी स्वतः तिसऱ्यावर लॉगिन करून बघितलं हो. जावा १७ आहे. मेव्हनसुद्धा १७ च दाखवतोय." त्याचं म्हणणं खरं होतं. मीही माझ्या लॉगिनने गेलो, "एमव्हीएन -व्ही" दिलं, उत्तर १७. पण ते उत्तर माझ्या लॉगिनचं होतं. बिल्ड चालतो जेन्किन्सच्या युजरखाली, त्या युजरच्या होम फोल्डरसकट, आणि त्याच्यासाठी कोणी टर्मिनल उघडलेलं नसतं.

आधी झालेल्या तीन उपायांपैकी पहिले दोन मी काढून टाकले, तिसरा तपासापुरता तसाच ठेवला. पण हे उपाय का लागू पडले नाहीत हे सांगायला हवं, कारण तिन्ही अतिशय नेहमीचे आहेत.

पहिला उपाय होता जेन्किन्स युजरच्या बॅशआरसी फाइलच्या (बॅश हा शेल सुरू होताना वाचतो ती) तळाशी जावा_होम, म्हणजे जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं व्हेरिएबल, एक्स्पोर्ट करण्याचा. उबंटूच्या बॅशआरसीत अगदी वरच एक तपासणी असते: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर कोणी टाइप करत नसेल, तर इथूनच परत फिर. एसएसएचवरून एजंट सुरू होतो तेव्हा बॅश ही फाइल उघडतो खरा, पण त्या तपासणीपाशी थांबतो. तळाची ओळ त्याच्या नजरेसही पडत नाही. शिवाय एजंट ही एक आधीपासून चालू असलेली जावा प्रोसेस आहे. ती सुरू झाली त्या क्षणी तिला जे एन्व्हायर्नमेंट (अशा व्हेरिएबलचा संच) मिळालं तेच तिच्या प्रत्येक बिल्डला वारशाने मिळतं. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा, एजंट तोडून पुन्हा जोडेपर्यंत ते तिच्यापर्यंत पोचत नाही. खात्री करायची असेल तर प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली एन्व्हायरॉन नावाची फाइल असते, ती वाचावी. तिच्यात ओळी नसतात, शून्य बाइटने तोडलेले तुकडे असतात, म्हणून टीआर कमांडने त्या शून्यांच्या जागी नवी ओळ घालून घ्यायची. आमच्या एजंटच्या त्या फाइलमध्ये जावा_होम हा शब्दच नव्हता.

दुसरा उपाय जॉबमध्येच होता. एसडीकेमॅनची (जावाच्या आवृत्त्या बसवणारं आणि बदलणारं टूल) सुरुवातीची फाइल "सोर्स" करून मग जावा निवडायची. त्यावर लॉगमध्ये आलं "सोर्स: नॉट फाउंड" आणि एक्झिट कोड १२७. जेन्किन्सची एसएच पायरी बॅश वापरत नाही, सिस्टीमचा साधा एसएच वापरते. उबंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून तो एसएच म्हणजे डॅश. डॅशला "सोर्स" ठाऊक नाही, फक्त टिंब ठाऊक आहे. आणि टिंब दिलं तरी एसडीकेमॅनची ती फाइल बॅश किंवा झेडशेलसाठीच लिहिलेली आहे. बॅश हवाच असेल तर एसएच पायरीतल्या मजकुराच्या अगदी पहिल्या अक्षरापासून बॅशची शिबँग ओळ (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) द्यावी. अवतरणचिन्हानंतर एक रिकामी ओळ सोडली तरी ती धरली जात नाही. आणि इथं एक धोका आहे: शिबँग दिली की जेन्किन्स एरवी आपणहून लावतो ते "-एक्सई" (प्रत्येक कमांड छापणं आणि चूक होताच थांबणं) जातं. मग मधली कमांड फसली तरी स्क्रिप्ट पुढे चालत राहते आणि शेवटची कमांड जमली तर बिल्ड हिरवा दिसतो. खोटा हिरवा लालपेक्षा वाईट. म्हणून दुसऱ्याच ओळीत "सेट -ई" आणि "सेट -ओ पाइपफेल" स्वतः लिहावं.

ओघात आलंच म्हणून, १२७ आणि १२६ यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, तिथं पाथ (कमांड जिथं शोधायची त्या फोल्डरांची यादी) बघा. १२६ म्हणजे सापडली पण चालवता येईना, आणि बहुतेकदा रिपॉझिटरीतल्या रॅपर स्क्रिप्टचा एक्झिक्युट बिट, म्हणजे फाइल चालवण्याची परवानगी, हरवलेला असतो. विंडोजवरून नवी फाइल कमिट झाली की हे सहज होतं. सर्व्हरवर सीएचमॉड करत बसू नये, गिटच्या "अपडेट-इंडेक्स" कमांडने तो बिट रिपॉझिटरीतच नोंदवावा.

तिसरा उपाय सगळ्यात बरोबर वाटणारा होता: जॉबमध्येच जावा_होम थेट १७ च्या फोल्डरला लावलं होतं. तरी चूक तीच. इथं मात्र मी थबकलो.

कारण मेव्हन जावा कसा शोधतो हे ठरलेलं आहे. जावा_होम दिलेलं असेल तर तो त्याच्याच बिन फोल्डरमधला जावा घेतो. नसेल तरच पाथमध्ये शोधतो. जावा_होम १७ असताना मेव्हनने ११ उचलावा हे होताच कामा नये.

जॉब तिसऱ्या एजंटला बांधला आणि बिल्डच्या आधी चार कमांड घातल्या: "आयडी", "कमांड -व्ही जावा", "कमांड -व्ही एमव्हीएन" आणि "एमव्हीएन -व्ही". पूर्ण एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. जेन्किन्स फक्त त्याच्याकडे नीट सोपवलेली गुपितं झाकतो; कोणी एखादं टोकन साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं असेल तर ते लॉगमध्ये उघडं पडतं. मी फक्त जावा_होम, होम आणि पाथ ही तीन छापून घेतली.

उत्तर असं आलं: युजर जेन्किन्स. जावा_होम ऑप्ट फोल्डरमधल्या १७ चं. पाथमधला जावा १७ च. आणि त्याखाली "एमव्हीएन -व्ही" सांगतंय, जावा व्हर्जन ११. त्याच आउटपुटमध्ये "रनटाइम" या शब्दापुढे त्या ११ चा पूर्ण पत्ताही छापलेला असतो. म्हणजे शेलला १७ माहीत आहे, मेव्हनच्या स्क्रिप्टला १७ दिलेला आहे, आणि स्क्रिप्टच्या आत शिरल्यावर कुठेतरी तो बदलतोय.

एमव्हीएन ही काही बायनरी नव्हे, साधी शेल स्क्रिप्ट आहे. मग तिलाच बोलतं करायचं: "एसएच -एक्स" आणि पुढे एमव्हीएनचा पूर्ण पत्ता, शेवटी "-व्ही". प्रत्येक ओळ चालण्याआधी लॉगमध्ये उमटते. दहा-बारा ओळींतच दिसलं. स्क्रिप्टने जेन्किन्सच्या होम फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी मेव्हनआरसी फाइल वाचली, आणि लगेच खालच्या ओळीत जावा_होम ११ झालं.

मेव्हनची स्क्रिप्ट सुरू होताना आधी ईटीसी फोल्डरमधली मेव्हनआरसी आणि मग युजरच्या होममधली मेव्हनआरसी शोधते, असेल तर तशीच आत घेते. ती शेवटी वाचली जात असल्यामुळे बाहेरून दिलेल्या प्रत्येक गोष्टीवर मात करते. जॉबमध्ये, एजंटच्या सेटिंगमध्ये, कुठेही जावा_होम लावा, तिचं म्हणणं वरचढ. फाइल लपलेली, साध्या एलएसमध्ये दिसत नाही. आणि ती फक्त जेन्किन्स युजरच्या घरात असल्यामुळे आपापल्या लॉगिनने तपासणाऱ्या प्रत्येकाला १७ दिसत होता. "एलएस -एलए" दिल्यावर तारीख दिसली, जावा ८ वरून ११ वर गेलो त्या काळातली. फाइलमध्ये एकच ओळ. तेव्हा कोणीतरी तातडीची अडचण अशी सोडवली होती आणि ती ओळ तिथंच राहून गेली. बाकीचे तीन सर्व्हर एका इमेजवरून बनलेले, हा एकटा त्याआधीचा, हाताने उभा केलेला.

फाइल हलवण्याआधी उलट तपासणी केली. मेव्हन_स्किप_आरसी हे व्हेरिएबल लावलं की स्क्रिप्ट या फाइली वाचतच नाही. ते लावून "एमव्हीएन -व्ही" चालवलं: १७. काढून चालवलं: ११. आता शंकेला जागा नव्हती. फाइल पुसली नाही, नाव बदलून ठेवली आणि तिकिटात तिच्यातली ओळ जशीच्या तशी उतरवली. त्या सर्व्हरवर आणखी एखादा जुना जॉब ११ च्या भरवशावर असेल तर तो कशामुळे फुटला हे कळायला हवं.

बिल्ड पुन्हा लावला. कंपायलरपर्यंत पोचलाच नाही, त्याआधीच लाल. या वेळी "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड".

याचा अर्थ आमच्या अंतर्गत आर्टिफॅक्ट रिपॉझिटरीच्या सर्टिफिकेटवर या जावाचा विश्वास नाही. टारबॉलमधून (संकुचित फाइलमधून) उघडलेल्या प्रत्येक जेडीकेचा, म्हणजे जावाच्या पूर्ण संचाचा, स्वतःचा सीएसर्ट्स (विश्वासाच्या सर्टिफिकेटांचा) साठा असतो, त्याच्याच लिब फोल्डरमधल्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये. ११ च्या साठ्यात आमचं सर्टिफिकेट पूर्वी हाताने घातलेलं होतं. १७ चा साठा या सर्व्हरवर कोरा होता, आणि मेव्हन आजवर ११ वरच चालत असल्याने ते कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. "कर्लने तर उघडतंय" असं लगेच कोणीतरी म्हणालं. कर्ल सिस्टीमच्या सर्टिफिकेटवर चालतो, जावा स्वतःच्या. कर्लचं यश इथं काहीच सिद्ध करत नाही. प्रॉक्सीचंही तसंच: कर्ल एचटीटीपीएस_प्रॉक्सी हे व्हेरिएबल वाचतो, जावा ते बघत नाही, मेव्हनला प्रॉक्सी वेगळा, साधारणपणे सेटिंग्ज फाइलमध्ये, द्यावा लागतो.

१७ च्याच बिन फोल्डरमधला कीटूल (जावाचा सर्टिफिकेट साठा सांभाळणारं टूल) घेतला. हे महत्त्वाचं, नाहीतर पाथमधला भलताच कीटूल भलत्याच साठ्यात लिहून मोकळा होतो. "-इंपोर्टसर्ट", "-सीएसर्ट्स", एक अलियास आणि सर्टिफिकेटची फाइल. "-सीएसर्ट्स" हा पर्याय जावा ९ पासून आहे, त्यामुळे साठ्याचा पत्ता हाताने टाइप करावा लागत नाही. मग "-लिस्ट" देऊन त्या अलियासची नोंद दिसते का ते पाहिलं. पुढचा बिल्ड हिरवा. तिसऱ्या एजंटवरच सलग पाच वेळा चालवून घेतला, पाचही हिरवे.

दुपारनंतरचं काम हे पुन्हा होऊ नये यासाठी होतं. सिस्टीमचा डीफॉल्ट जावाच अपडेट-अल्टरनेटिव्हजने बदलून टाकावा असा एक प्रस्ताव आला, त्याला मी ठाम नकार दिला. एजंटला स्वतः चालायला लागणारा जावा आणि प्रोजेक्ट बनवायला लागणारा जावा या दोन वेगळ्या गरजा आहेत. उद्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टसाठी कोणी डीफॉल्ट खाली नेला तर एजंटच जोडला जाणार नाही. त्याऐवजी जेडीके जेन्किन्सच्या टूल्समध्ये नावाने नोंदवला आणि पाइपलाइनमध्ये ते नाव घातलं. चारही एजंटच्या सेटिंगमध्ये मेव्हन_स्किप_आरसी लावलं. पॉममध्ये एन्फोर्सर प्लगइनचा जावा आवृत्तीचा नियम टाकला. तिथं नुसतं १७ लिहिलं तर त्याचा अर्थ १७ किंवा त्यापुढचं काहीही असा होतो; नेमका १७ हवा असेल तर चौकटी कंसात १७ पासून सुरू होऊन गोल कंसात १८ वर संपणारी रेंज द्यावी. हा नियम व्हॅलिडेट टप्प्यात तपासला जातो, म्हणजे चुकीचा जावा असेल तर काही सेकंदांत, कंपायलरच्या आधी, सरळ शब्दांत कळतं.

तिसरा सर्व्हर त्याच इमेजवरून नव्याने उभा करायचं तिकीट काढलं. जॉबमध्ये घातलेल्या चार कमांडपैकी "आयडी" आणि "एमव्हीएन -व्ही" मी मुद्दाम ठेवल्या आणि बाकीच्या पाइपलाइनमध्येही घातल्या. प्रत्येक बिल्डच्या लॉगमध्ये आता पहिल्याच ओळींत कोणता युजर, कोणता मेव्हन, कोणता जावा आणि तो कुठल्या फोल्डरमधला, एवढं छापून येतं.