कोन्स्टान्झ: तळ्याकाठचं व्याकरण

झुरिकच्या मराठी मंडळींना कोन्स्टान्झ माहीत असतं ते किराण्यासाठी. शनिवारी सीमेपलीकडे जर्मनीत जायचं, युरोत खरेदी करायची, हिरव्या पावतीवर कस्टमचा शिक्का मारून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला जर्मन कर परत मिळवायचा. २०१७च्या जुलैत मी गेले ती मात्र ऑफिसातून रजा टाकून, एलएफजीच्या वार्षिक परिषदेला. "व्याकरणासाठी रजा?" असं नवऱ्यानं विचारलंच.

एलएफजी म्हणजे लेक्सिकल फंक्शनल ग्रामर. जोन ब्रेझनन आणि रॉन कॅप्लन यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी व्याकरणाचा हा सिद्धांत उभा केला. डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना त्याची ओळख झाली होती, पुढे पोटासाठी सॉफ्टवेअरमध्ये शिरले. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीच्या वाटेनं जाणारे वाक्यातले घटक एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात. इथे हलवाहलव नाही, फक्त अटी. स्थळ बघताना पत्रिका आधी पाहिली की पगार, यानं निकाल बदलत नाही, पण एक गोष्ट जुळली नाही की नकार ठरलेला. तसंच हे. कार्ल पोलार्ड आणि आयव्हन सॅग यांचा एचपीएसजी हा व्याकरण-सिद्धांत म्हणजे याच विचाराचं चुलत घराणं, आणि २०१६ साली वॉर्सॉला दोन्ही घराण्यांची परिषद एकत्रच भरली होती.

झुरिकहून थेट गाडी आहे, साधारण सव्वा तासाचा प्रवास. स्टेशनवरून ९ नंबरची बस टेकडीवरच्या विद्यापीठात नेते. काँक्रीटच्या इमारती, मधूनच रंगीत काचा, आणि मेन्साच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीच्या, गच्चीवरून खाली बोडनझे तळ्याचं पाणी. इतका देखावा समोर असताना इथली मुलं अभ्यास कसा करतात, देव जाणे.

परिषद छोटी. एका वेळी एकच भाषण, त्यामुळे 'इकडे बसू की तिकडे' ही तगमग नाही. तीस मिनिटं मांडणी आणि पंधरा मिनिटं प्रश्न. खरी मजा त्या पंधरांत. ज्यांची पुस्तकं वाचून आपण परीक्षा दिल्या ते लोक मागच्या बाकावरून हात वर करतात आणि पीएचडीच्या पोरीला विचारतात, "तुझं तिसरं उदाहरण उलट्या क्रमानं चालेल का?" अर्थविचारावरच्या एका भाषणात फळ्यावर इतकी तर्कसूत्रं उतरली, की मी सरळ खिडकीबाहेर बघत बसले.

हँडआउटवर डावीकडे वाक्याची झाडासारखी आकृती, उजवीकडे चौकटी कंसातला तक्ता, आणि झाडाच्या फांद्यांवर वर-खाली बाण. झाड शब्दांचा क्रम सांगतं, तक्ता कर्ता कोण, कर्म कोण ते सांगतो. 'मुलानं पोळी खाल्ली' आणि 'पोळी मुलानं खाल्ली' यांची झाडं वेगळी, पण कर्ता-कर्माचा तक्ता तोच. त्या तक्त्यात कर्ता मुलगाच असतो, तरी क्रियापद त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, पोळीशी जुळवून घेतं. क्रम मोकळा असलेल्या आपल्यासारख्या भाषांना ही मांडणी फार सोयीची पडते. ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेचं उदाहरण यात वारंवार येतं ते त्याच कारणानं.

मराठी तर या घरात जुनीच पाहुणी. स्मिता जोशी यांचा स्टॅनफर्डचा १९९३चा प्रबंध मराठीवरच आहे. त्याच वर्षी आलेल्या मेरी डॅलरिंपल यांच्या पुस्तकात 'आपण' आणि 'स्वतः' यांची बारीक चिरफाड आहे. यजमान विद्यापीठातल्या मिरियम बट यांचं नाव झालं ते उर्दूच्या संयुक्त क्रियापदांवरच्या कामामुळे.

दुपारी जेवताना शेजारी एक हंगेरियन विद्यार्थी होता. मी मराठी म्हटल्याबरोबर त्यानं काटा खाली ठेवला आणि वही काढली. 'रामनं श्यामला सांगितलं, की आपल्याला बरं नाही.' कोणाला बरं नाही? रामला, मी म्हटलं. श्यामला असू शकेल? छे. मग 'रामनं आपल्याला आरशात पाहिलं'? इथे मी अडखळले. त्यातून रामनं आपणा सगळ्यांना पाहिलं असं निघतं, स्वतःलाच पाहिलं असं नाही. त्यासाठी 'स्वतःला'च हवं. त्याचा चेहरा खुलला. दोन शब्दांच्या अटी एकमेकींच्या उलट: 'स्वतः'ला ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो त्याच क्रियापदाच्या पंगतीत हवा, 'आपण'ला तो तिथे चालत नाही. तरी एका माणसाच्या कानावर भरवसा नको म्हणून नाशिकला आईला फोन लावला. "रामलाच बरं नाही," आई म्हणाली, "आणि हे विचारायला सुट्टी घेतलीस?"

संध्याकाळी बंदरावर गेलो. तिथे इम्पेरिया उभी आहे, पेटर लेंकनं १९९३ साली केलेला नऊ मीटर उंच पुतळा, हळूहळू स्वतःभोवती फिरणारा. गणिकेच्या दोन तळहातांवर दोन उघडे, खुजे पुरुष बसलेत, एकाच्या डोक्यावर पोपचा मुकुट, दुसऱ्याच्या सम्राटाचा. समोरच्या जुन्या वखारीत १४१७ साली नवा पोप निवडला गेला. तेव्हा इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेनं त्याआधी दोन वर्षं, ६ जुलै १४१५ला, चेक धर्मसुधारक यान हुसला जाळलं होतं. त्या जागेजवळ आता एक मोठा धोंडा आहे. चेक अक्षरांवर खुणा देण्याची पद्धत हुसच्या नावावर सांगतात, त्यामुळे आमच्यातले बरेच जण तो धोंडा बघायला मुद्दाम वाट वाकडी करून गेले. जेवायला ड्युनेले घेतलं, पातळ भाकरीवर मलई आणि कांदा. मिरची मागितली तर वेटरनं मिरपूड आणून दिली.

दुसऱ्या दिवशी पोस्टरांच्या वेळेत उर्दू, नॉर्वेजियन, तुर्की, वोलोफ अशा भाषांची व्याकरणं एकाच साच्यात लिहिणाऱ्या पारग्राम प्रकल्पावर गप्पा रंगल्या. मराठीचं कोणी का करत नाही, असं तिघांनी विचारलं. नोकरी सांभाळून होणारं काम नाही ते. कोणा विद्यार्थ्याला हौस असेल तर १९९६च्या ग्रनोबलच्या पहिल्या परिषदेपासूनचे निबंध नेटवर फुकट आहेत, तिथून सुरुवात करावी. पुढची, २०१८ची परिषद व्हिएन्नाला होती. तिथे किराण्याचं निमित्त चालणार नव्हतं, तेव्हा घरी दुसरं काहीतरी कारण सांगावं लागणार होतं.