एमसीबी पडत नव्हता, तीच खरी काळजी होती

इंदिरानगरमधल्या काकूंची तक्रार साधी होती. "भाऊ, किचनमध्ये प्लास्टिक जळल्याचा वास येतो, पण बटण काही पडत नाही." बटण म्हणजे एमसीबी, जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. तो पडत नाही हे ऐकलं आणि मी हातातलं काम सोडून निघालो.

त्यांचा मुलगा घरी कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, बनवून विकतो. चहा उकळायला त्याने बिअरचं वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं पाणी) उकळायचं असतं तसं स्टीलचं भांडं करून घेतलेलं, आत ३ किलोवॅटचा एलिमेंट. भांड्याला लावायची कॉर्ड मात्र कॉम्प्युटरची. ती उपसून पाहिली तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक वितळलेलं.

३००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की १३ अँपिअर येतात. ते कनेक्टर १० अँपिअरचं, कॉर्डवर तारेची जाडी छापलेली ०.७५ स्क्वेअर एमएम. इस्त्री मध्ये मध्ये बंद होते, हे भांडं होत नाही: ४० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ वर न्यायला तासाहून जास्त वेळ सलग लोड राहतो. ढिल्या पिनेत ०.१ ओहमचा जरी रोध आला, तरी त्या टिचभर जागेत १७ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! आणि एमसीबीला दिसतात फक्त १३ अँपिअर. तो पडणार कशाला?

डीबी, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात तो बॉक्स, उघडला तर तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी.

"दादा, सोळाचा सारखा पडायचा, म्हणून एकाने मोठा बसवून दिला," मुलगा म्हणाला. पडणारच, त्याच लाइनवर फ्रिज आणि मायक्रोवेव्हही होते. भिंतीत अडीच स्क्वेअर एमएमची वायर. ३२ च्या एमसीबीवर ४६ अँपिअरचा लोड आला तर तो तासाभरात पडला पाहिजे असं मानक सांगतं. तोवर ती वायर काय सोसेल? एमसीबी वायर वाचवायला असतो, उपकरण नाही, हे मी त्याला कागदावर काढून समजावलं. त्याने असं भांडं वापरण्याचे परदेशातले व्हिडिओ पाहिले होते. इंग्लंडच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्याकडच्या प्लगमध्ये नसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

किचनच्या लाइनला पुन्हा सोळाचा एमसीबी बसवला. भांड्यासाठी डीबीपासून अडीचची वेगळी लाइन ओढली, तिलाही सोळाचा. सगळं ओल्या हातांचं काम, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच. भिंतीवर २० अँपिअरचा डबल पोल स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. भांड्यावरची कॉर्ड खोचायची इनलेट काढून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) अडीचची थ्री कोअर केबल आत घेतली, तारांच्या टोकांना धातूचे लग दाबून क्रिम्प केले, अर्थ भांड्याच्या बॉडीला बोल्टने घट्ट आवळला. अर्थकडे मी दोनदा पाहतो. स्टीलचं भांडं, आत पाणी, शेजारी उघडा हात.

पाणी भरून चालू केलं. तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला, १३.१ अँपिअर. चहा उकळेपर्यंत थांबलो, मग मेन बंद करून जोड हाताने तपासले. कोमट होते, बस्स.

निघण्याआधी भांडं बनवणाऱ्याला मुलाच्याच फोनवरून फोन लावला. ही दहा अँपिअरची इनलेट ३ किलोवॅटला लावू नका, सोळाची लावा, असं सांगितलं. "गिऱ्हाईक स्वस्त मागतं," तो म्हणाला. मग मी त्याला वितळलेल्या पिनेचा फोटो पाठवला आणि अशी किती भांडी विकली ते विचारलं. त्याने यादी शोधून सगळ्यांना कळवायचं कबूल केलं.