काजूच्या हंगामात मेलेलं माकड

मार्च म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूची घाई. त्यातच सकाळी आशाताईंचा फोन आला: वाडीच्या वरच्या बागेत माकड मरून पडलंय. आम्हा आरोग्यसेवकांना हा निरोप माणसाच्या तापाइतकाच तातडीचा. माकडाचं अंग गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि तिथल्याच पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या पालापाचोळ्यात, दबा धरून बसतात. माकडतापाचा विषाणू त्यांच्यात असला, तर बी वेचायला वाकणारा माणूस आयताच सापडतो. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१६ मध्ये आमच्या तालुक्यात आला.

वनखात्याची माणसं आणि पशुवैद्यक आले, नमुने घेतले, माकड जाळलं, भोवती मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारली. शेजारच्या बागेत मात्र एक आजी अनवाणी, निवांत बिया वेचत होती.

"आज्ये, थोडे दिवस हयसर येव नको."

"झिला, माकड मेला म्हणान काजी रवतले काय?"

खरंच होतं तिचं. वर्षाचा पैसा याच हंगामात येतो. 'रानात जाऊ नका' हा सल्ला कागदावरच शोभतो. वर तिने ऐकवलं, "गोचडे माझ्या गायक मूठभर आसत. माका काय झाला?"

मग मी पांढरं फडकं काढलं, पातेऱ्यावरून ओढत नेलं आणि तिच्यासमोर धरलं. खसखशीएवढे ठिपके, आणि चालणारे! तिने फडकं डोळ्यांजवळ नेलं, तसं मीच मागे खेचलं. गायीवर दिसतात त्या टपोऱ्या, वाढलेल्या गोचिडी. माणसाला बहुतेक वेळा चावतात ती ही पिल्लं, आणि चावलेलं कळतही नाही.

त्यानंतर तिने ऐकलं. हातापायांना गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी तेल, काही तासांनी पुन्हा. पातेऱ्यावर बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, साबण लावून अंघोळ. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. बिडीचा चटका नको, रॉकेल नको, नखाने चिरडणं तर नकोच.

निघताना ती सहज म्हणाली, गड्याला ताप आहे, दुकानातली गोळी घेतोय. मी तसाच त्याच्या घरी. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळे लाल. या तापात प्लेटलेट उतरतात, रक्तस्राव होऊ शकतो. अशात अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घातक. त्याला लगेच दवाखान्यात हलवलं. रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह आला. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन आणि सतत लक्ष. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो, मेंदूवर परिणाम होतो, म्हणून घरी सोडल्यावरही मी त्याच्याकडे जात राहिलो. तो सावरला.

आजीने गमबूट काही घातले नाहीत. नातवाचे जुने शाळेचे बूट-मोजे चढवते आणि मोज्यांनाही तेल चोळते. माझी हरकत नाही.